पाणी सहा दिवसांनी येतं आणि ग्रामसभेत कुणी ऐकत नाही: उपोषणाआधी काय करून पाहाल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गावठाणापासून दीड किलोमीटरवर तुमची 64 घरांची वस्ती आहे. दोन वर्षांपूर्वी नव्या योजनेत घरोघरी नळ बसले, पण पाणी सहा दिवसांनी येतं, तेही चाळीसएक मिनिटं, आणि त्यातली पहिली दहा मिनिटं गढूळ, वास मारणारं. गावठाणात मात्र दिवसाआड येतं. दोन ग्रामसभांत तुम्ही विषय काढलात. एकदा ‘बघू’ म्हणाले, दुसऱ्यांदा बाचाबाची होऊन सभाच गुंडाळली. सरपंच ताई आहेत, पण बोलतात त्यांचे यजमान. आता तहसीलसमोर उपोषणाला बसावं की थेट वर तक्रार करावी, असं तुम्ही विचारताय.

मी जलस्वराज्य प्रकल्पाच्या दिवसांपासून, म्हणजे 2003 च्या सुमारापासून, नगर, बीड, सोलापूर भागातल्या गावांच्या पाणीयोजनांवर काम करतेय. इंजिनियर नाही, माझं काम माणसांशी बोलण्याचं. तुम्ही म्हणता ते दोन्ही मार्ग खुले आहेत, पण आत्ताच नकोत. रागावू नका, पण मला वाटतं पंचायतीनं तुमचं ऐकलं होतं. ‘वस्तीला पाणी येत नाही’ एवढंच ऐकून त्या खोलीतल्या कुणालाच काही करता येण्यासारखं नव्हतं. ते वाक्य प्रत्येक ग्रामसभेत प्रत्येक आळी म्हणते, वरची आळीसुद्धा. त्यावर ‘बघू’ याखेरीज दुसरं उत्तर नसतं.

आधी माझी फजिती सांगते. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. एका गावात अशीच तळाची वस्ती, अशीच तक्रार. मी चाळीस बायका घेऊन पंचायत समितीवर हंडा मोर्चा नेला. पेपरात फोटो आला. साहेबांनी त्याच संध्याकाळी टँकर पाठवला, तीन आठवडे चालवला, मग पाऊस पडला आणि टँकर बंद झाला. नळाचं पाणी होतं तेवढंच राहिलं. त्या सरपंचांची मात्र तालुक्यात शोभा झाली होती. पुढं दीड-दोन वर्षं वस्तीवरचं कसलंही काम निघालं की उत्तर ठरलेलं, ‘जा तुमच्या मोर्चावाल्या बाईंकडं.’ मी संध्याकाळच्या एसटीनं घरी जायचे, त्या बायकांना रोज त्याच सरपंचांच्या दारावरून जायचं होतं. आणि पाणी का येत नव्हतं? वस्तीच्या लाइनीचा व्हॉल्व अर्धा बंद होऊन जाम झाला होता. मोर्चाच्या दिवशी हे मला माहीत नव्हतं. चौकशीच केली नव्हती.

म्हणून सगळ्यात आधी, तुमची योजना आज कुणाच्या ताब्यात आहे ते काढा. यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. एका गावाची स्वतंत्र योजना असेल आणि ती पूर्ण होऊन ग्रामपंचायतीकडं हस्तांतरित झाली असेल, तर तुमचं बोलणं सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब (2024 पासून त्यांचं पद ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालंय, गावात अजून भाऊसाहेबच) आणि ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती यांच्याशी. हस्तांतरण झालंच नसेल, ठेकेदाराची चाचणीच चालू असेल, तर सरपंचांशी भांडून उपयोग नाही. तिथं जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाचे शाखा अभियंता हवेत, आणि मग सरपंच तुमच्या समोरच्या बाजूला नसतात, तुमच्या शेजारी बसून तेच विचारू शकतात. आणि चार-दहा गावांची मिळून प्रादेशिक योजना असेल तर पाणी गावाच्या टाकीत किती पडतं हा एक प्रश्न आणि टाकीतून तुमच्याकडं किती येतं हा दुसरा. दोन्ही एकत्र केले की प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतो. हस्तांतरण झालं का, कोणत्या तारखेला, हे भाऊसाहेब पाच मिनिटांत सांगू शकतात. न सांगितल्यास साधा अर्ज द्या आणि आवक नोंदवहीत नंबर पाडून पोच घ्या.

आता वही आणि बादली. हे काम मी प्रत्येक ठिकाणी करून घेते आणि सुरुवातीला प्रत्येक ठिकाणी हसतात. लिटरच्या बाटलीनं मोजून बादलीवर 15 लिटरची खूण करा. वस्तीतली तीन घरं निवडा, एक लाइनीच्या तोंडाशी, एक मधलं, एक शेवटचं. प्रत्येक पाळीला पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, बादली किती वेळात भरली आणि पाणी नितळ कधी झालं, एवढंच लिहायचं. चार पाळ्या पुरे. गावठाणातही एका पाहुण्याच्या घरी हेच करा, कारण तिथं दिवसाआड येतं खरं, पण वीसच मिनिटं येत असेल तर तुमचं अर्धं भांडण तिथंच संपेल.

उदाहरण म्हणून धरा, शेवटच्या घरी बादली भरायला अडीच मिनिटं लागतात. म्हणजे मिनिटाला 6 लिटर. चाळीसपैकी दहा मिनिटं गढूळ पाणी सांडून द्यायचं, उरली तीस, म्हणजे 180 लिटर. घरात पाच माणसं आणि सहा दिवस. माणशी रोज 6 लिटर झाले. 2019 मध्ये आलेल्या जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा आहे. टंचाईत टँकरनं द्यायचं झालं तरी माणशी 20 लिटर धरतात. ‘आमच्या शेवटच्या घराला नळानं माणशी 6 लिटर पडतात, टँकरच्या गावाला 20 मिळतात’ हे वाक्य ग्रामसभेत म्हणून पाहा. त्यावर ‘बघू’ म्हणणं अवघड जातं. निदान ‘कसं काय?’ असा प्रश्न तरी येतो, आणि बोलणं तिथून सुरू होतं.

वही भरताना एक गोष्ट दिसेल, ती लपवू नका. तोंडाशी असलेल्या तीन-चार घरांत नळाला अर्ध्या एचपीची मोटर लावलेली असणार. ती चालू झाली की शेवटच्या घरी नळ हवा सोडतो. ग्रामसभेत हे तुमच्या विरोधकानं काढायच्या आधी वस्तीतच मारुतीच्या पारावर किंवा समाजमंदिरात बसून मिटवा. मी पाहिलंय, मोटर लावणारा बहुधा वाईट माणूस नसतो. त्याच्या घरी म्हातारी आई असते, हौद खोल असतो, आणि सहा दिवसांनी येणाऱ्या पाण्याचा त्याला भरवसा नसतो. पाळी तीन दिवसांवर आली तर मोटर काढीन, एवढा शब्द तरी त्याच्याकडून घ्या.

वही होईपर्यंत पाणी सोडणाऱ्या माणसाला गाठा. गावाच्या पाण्याबद्दल सरपंचांपेक्षा आणि साहेबांपेक्षा त्याला जास्त कळतं, आणि त्याला कधीच कुणी काही विचारत नाही. शिव्या मात्र सगळे देतात. पगार तुटपुंजा, तोही बऱ्याचदा दोन-दोन महिने थकलेला. त्याला जाब विचारायला जाऊ नका. पहाटे त्याच्याबरोबर चालायला जा.

असं एक चालणं माझ्या डोळ्यांसमोर आहे. पहाटे पाचची वेळ, मंगळवेढ्याकडचं एक गाव. आबा म्हणून पाणी सोडणारे होते, साठीच्या पुढचे. शाळेजवळच्या चेंबरचं झाकण त्यांनी पहारीनं उचललं. आत गुडघाभर गटाराचं पाणी, वर प्लॅस्टिकच्या पिशव्या तरंगत होत्या. आबांनी बाही खांद्यापर्यंत सारली, त्या पाण्यात हात घातला आणि डोळे मिटून आटे मोजायला लागले. साडेसहा आट्यांवर थांबले. मी म्हटलं, पूर्ण का नाही खोलत? ते म्हणाले, ‘बाई, वस्तीचा वॉल पूर्ण खोलला की वरच्या आळीला थेंब चढत नाही. आणि वरच्या आळीला सदस्य राहतोय.’ हात बाहेर काढून त्यांनी धोतराला पुसला आणि पुढच्या चेंबरकडं निघाले. त्या गावचं पाणीवाटपाचं धोरण एवढंच होतं, साडेसहा आटे. ते कुणी ठरवलं नव्हतं, कुठं लिहिलं नव्हतं. आबांनी शिव्या सगळ्यांत कमी पडतील अशा जागी ते आणून ठेवलं होतं.

तुमच्या आबांना चार गोष्टी विचारा. टाकी किती लिटरची आहे आणि दिवसात किती वेळा भरते? पंप कोणत्या फीडरवर, म्हणजे विजेच्या लाइनीवर, आहे? (विहीर शिवारात असेल तर बहुतेक शेतीच्या फीडरवर, आणि मग थ्री-फेज कधी दिवसा, कधी रात्री पाळीनं मिळते. रात्री दोनला टाकी कोण भरणार?) उन्हाळ्यात विहिरीला उपसा किती तास चालतो? आणि कोणकोणते व्हॉल्व जाम आहेत किंवा गळतात?

या उत्तरांवर तुमची मागणी काय असावी ते ठरेल. समजा गाव 2,100 लोकवस्तीचं आणि टाकी 60,000 लिटरची. 55 च्या हिशेबानं रोज 1,15,500 लिटर लागतात, म्हणजे टाकी दोनदा भरली की जवळपास भागलं. पण विहीर रोज एकदाच टाकी भरण्याइतकं देत असेल तर माणशी 28 लिटर होतात. मग सरपंचांनी जीव दिला तरी 55 मिळणार नाहीत. ‘55 द्या’ म्हणत बसलात तर ते खरंच हतबल आहेत. पण 28 आणि 6 यांच्यात जे अंतर आहे ते आकाशातून पडलेलं नाही, ते व्हॉल्व फिरवण्यात आहे, आणि तेवढं त्यांच्या हातात आहे. उद्भवच, म्हणजे पाण्याचा मूळ स्रोतच, कोरडा पडत असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून पाहणी, विहिरीचं खोलीकरण, टंचाई आराखड्यात नाव लागणं, हा लांबचा रस्ता आहे. तोही चालू करा, पण या भांडणात तो मिसळू नका.

गढूळ पाण्याचं काय, तर मला वाटतं तुमच्या गावात पाण्याचा आणि गटाराचा प्रश्न एकच आहे. सहा दिवस लाइन रिकामी असते. पाणी बंद झालं की पाइप आतून ओढ घेतो, आणि जिथं सांधा गळका आहे तिथून बाहेर जे असेल ते आत जातं. बाहेर गटार असेल तर गटार. घराची जोडणी गटारातून आडवी नेलेली असते ती वेगळीच. एक दिवस पोरांना घेऊन असे पाइप मोजा. एका वस्तीत आम्हाला 40 पैकी 17 जोडण्या गटारात बुडालेल्या सापडल्या होत्या. तो पाइप वर उचलून घेणं हे घरमालकाचं आणि प्लंबरचं दोन तासांचं काम आहे, त्याला ठराव लागत नाही.

सोबत गावच्या जलसुरक्षकाला वस्तीत बोलवा. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकणं आणि पाण्याचे नमुने पाठवणं त्याच्याकडं असतं. त्याला शेवटच्या घरच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी, करायला सांगा, सगळ्यांसमोर. पिवळा रंग आलाच नाही तर क्लोरीन तिथपर्यंत पोचत नाही, हे बाळंतिणीपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना दिसतं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचं प्रशिक्षण आणि किट द्यायचं असतं. ते किट बऱ्याच ठिकाणी पंचायतीच्या कपाटात सीलबंद असतं. तुमच्याकडचं बाहेर काढा. पावसाळ्याआधी आणि नंतर आरोग्य खात्याकडून पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. तुमच्या पंचायतीला कोणतं मिळालंय ते प्राथमिक आरोग्य केंद्रात कळेल. लाल कार्डाची सरपंचांना लाज वाटते, आणि ती त्यांना एकांतात वाटू द्यावी, चारचौघांत नव्हे.

इथवर आलो म्हणजे तुमच्या हातात चार गोष्टी आहेत: योजना कुणाची, शेवटच्या घरी माणशी किती लिटर, व्हॉल्वची भानगड काय, आणि घाण कुठून शिरते. यातलं काहीही मागायला कुणाची परवानगी लागली नाही.

आता पैशाचं. ग्रामसभेत पहिला वार तिथूनच येणार, ‘वस्तीची पाणीपट्टी किती थकली ते सांगा आधी!’ आणि सभा तिथंच फुटणार. म्हणून नमुना 9 ची कर मागणी नोंदवही आधीच पाहून ठेवा. वस्तीची थकबाकी किती आणि गावठाणाची किती, दोन्ही. बहुतेक वेळा गावठाणातली मोठी घरं जास्त थकवलेली निघतात, पण ते बाण म्हणून वापरू नका, खिशात असू द्या. जमलं तर वस्तीतल्या दहा-बारा घरांनी सभेच्या आधीच्या आठवड्यात एका वर्षाची पट्टी भरून पावत्या आणाव्यात. सहा लिटर पाण्याची पट्टी का भरायची, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पट्टी थकली म्हणून पाणी तोडावं असं मी म्हणणार नाही, माझं मत उलटं आहे. पण पावती हातात घेऊन उभ्या असलेल्या बाईला ‘खाली बसा’ म्हणायची कुणाची छाती होत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याच वेळी तुम्हीही हिशेब मागा. पाणीपट्टी ग्राम पाणीपुरवठा निधीच्या वेगळ्या खात्यात जायला हवी. तिथं वर्षाला जमा किती, वीजबिल किती, टीसीएल किती, पगार किती? अंदाज हवा असेल तर साडेसात एचपीचा पंप म्हणजे साधारण 5.6 किलोवॉट. रोज सहा तास चालला तर 33-34 युनिट, महिन्याला हजारएक युनिट. त्याला तुमच्या बिलावरच्या दरानं गुणा आणि नळजोडण्यांच्या संख्येनं भागा. बऱ्याच गावांत हा आकडा निघाल्यावर सभा शांत होते, कारण पट्टी दहा वर्षांपूर्वीची असते आणि वीज आजची. वीज तुटली की सगळ्या गावाचंच पाणी तुटतं. पट्टी वाढवायची वेळ आली तर वस्तीनं पाठिंबा द्यावा का? मी देईन, पण वाटप ठरल्यावर आणि ते लिहून झाल्यावर.

व्हॉल्व बदलायला, चेंबर बांधायला पैसे नाहीत असं म्हणतील. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या निधीत ग्रामपंचायतींसाठी 60 टक्के रक्कम बंधित होती, निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मी स्वच्छतेसाठी. तुमच्या गावानं ती कशावर खर्च केली हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर मोबाइलवर दिसतं. एका गावात स्वच्छतेच्या रकमेतून तिसऱ्यांदा तीच गटार बांधलेली होती, सदस्याच्या घरासमोरची. तिथं भांडण काढलं नाही. ‘पुढच्या आराखड्यात शाळेजवळचं चेंबर आणि वस्तीची गटार धरा’ एवढंच मागितलं, आणि ते मिळालं. गावाचा विकास आराखडा ज्या ग्रामसभेत मंजूर होतो त्या सभेला वस्तीतून लोक न्या. बाकीच्या सभांपेक्षा तिचं वजन जास्त.

तुमची वस्ती कुणाची आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मी विचारत नाही. पण पाइपलाइनीचं शेवटचं टोक कुणाच्या वाट्याला येतं हे आपल्याला माहीत आहे. मागासवर्गीय वस्ती असेल तर ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला 15 टक्के खर्च तिकडं व्हायला हवा, त्याचा हिशेब मागा. आणि जातीवरून कुणी जाणूनबुजून पाणी अडवत असेल तर वही-बादली विसरा. तिथं 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो, तिथं मी संवादाचा सल्ला देत नाही.

सरपंच ताईंबद्दल. ‘त्यांचे यजमानच बोलतात’ असं म्हणून बहुतेक जण यजमानांशीच बोलतात आणि त्यांचं आसन आणखी पक्कं करतात. तुम्ही पुरुषांनी थांबा. वस्तीतल्या तीन-चार वयस्क बायकांना ताईंच्या घरी पाठवा, दुपारी, चहाच्या वेळेला, वही घेऊन. पाणी त्याही भरतात. बादली भरायला किती वेळ लागतो हे त्यांना यजमानांपेक्षा जास्त कळतं. आणि नियमानं प्रत्येक ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती फक्त रजिस्टरवर होते. ती खरोखर भरवा, असं ताईंना त्या बायकांनी सांगावं. तिथं यजमानांना बसता येत नाही. माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त ठिकाणी पाण्याचं वेळापत्रक तिथंच ठरलं, मोठ्या ग्रामसभेत फक्त वाचून दाखवलं. काही ठिकाणी ताई घाबरल्या आणि काहीच झालं नाही, तेही सांगून ठेवते.

मग ग्रामसभा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या नेहमीच्या तारखांपैकी जी जवळ असेल ती धरा. विषय ‘ऐनवेळचा’ म्हणून काढू नका. सभेची नोटीस निघण्याआधी विषयपत्रिकेत घालण्यासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जे कमी असेल तेवढे लागतात. वस्तीतून पन्नास माणसं आली तर निम्मं काम तुम्हीच केलंत. पण पन्नासही जणांनी बोलायचं नाही. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं आकडे वाचायचे, आणि बोलणारी बाई असेल तर उत्तम. तुम्ही मागच्या वेळच्या बाचाबाचीत होतात, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. तसं असेल तर या वेळी मागं बसा.

आदल्या दोन दिवसांत वरच्या आळीच्या सदस्याला जाऊन भेटा आणि तुम्ही काय मागणार आहात ते अक्षरशः वाचून दाखवा. सभेत कुणाला धक्का बसता कामा नये. धक्का बसला की माणूस आपली बाजू धरून बसतो. ‘तुमच्या आळीचं पाणी तोडत नाही, पाळी बदलतोय, वस्तीचा व्हॉल्व चालू असताना वरची लाइन पूर्ण बंद आणि वरची चालू असताना आमची’ हे त्याला शांतपणे घरी समजतं, सभेत समजत नाही.

ठराव कसा लिहावा हे तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. ‘वस्तीचा पाणीपुरवठा सुरळीत करावा’ असा ठराव मी शेकडो प्रोसिडिंग बुकांत वाचलाय. त्याचं पुढं काही होत नाही, कारण तो पाळला की मोडला हे कुणालाच सांगता येत नाही. तुमचा असा काहीसा असावा: ‘मळा वस्तीच्या लाइनीला दर तिसऱ्या दिवशी सकाळी 6 ते 7.15 या वेळेत, इतर लाइनी बंद ठेवून, पाणी सोडावे. शाळेजवळील चेंबरमधील व्हॉल्व 15 दिवसांत बदलावा व चेंबर गटारापासून वर घ्यावे, खर्च पाणीपुरवठा निधीतून करावा. वेळापत्रक पंचायतीच्या फलकावर लावावे. वस्तीतील दोन महिलांनी नोंदवही ठेवावी व ती दर मासिक सभेत वाचावी.’ सूचक, अनुमोदक यांची नावं घालून घ्या. आणि सभा संपल्यावर उठू नका. कोऱ्या जागेवर ‘नंतर लिहितो’ म्हणतात, तेव्हा चहा मागवा आणि लिहून होईपर्यंत बसा. ठरावाची नक्कल मागण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या.

माहिती अधिकाराचा अर्ज (दहा रुपये, तीस दिवस) मी शेवटी ठेवते, कारण पहिलाच अर्ज माहिती अधिकारात गेला की भाऊसाहेब स्वतःला वाचवण्याच्या मागं लागतात आणि तुमच्याशी बोलायचं थांबतात. हिशेब दाखवायला दोनदा तोंडी आणि एकदा लेखी नकार मिळाला, तर जरूर टाका. तसंच गटविकास अधिकाऱ्यांकडं जाणं. ठरावाची नक्कल आणि ठरावानंतरच्या सहा-सात पाळ्यांची वही घेऊन गेलात तर विस्तार अधिकाऱ्याला गावात यावंच लागतं, कारण त्याला एकच प्रश्न तपासायचा असतो, ठराव पाळला की नाही. नुसती तक्रार गेली तर ती फिरून भाऊसाहेबांकडंच ‘योग्य कार्यवाहीस्तव’ येते. ‘आपले सरकार’ पोर्टलवरच्या तक्रारींचंही तेच होतं.

हे सगळं करून पाणी मिळेलच का? नाही मिळालं अशीही गावं माझ्याकडं आहेत. एका ठिकाणी ठराव झाला, वेळापत्रक चार महिने चाललं, निवडणूक झाली, नवे सरपंच आले आणि पाणी सोडणाऱ्याच्या जागी नवा पोरगा लागला. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. वस्तीच्या बायकांनी वही चालू ठेवली होती म्हणून पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागली नाही, पण सहा महिने गेलेच.

उपोषणाबद्दल माझं म्हणणं एवढंच, ते करायचं तर ठरावाची नक्कल हातात धरून करा, तेव्हा मागणीला तारीख असते. आत्ता बसलात तर टँकर येईल.

मला तीन गोष्टी कळवा: योजना हस्तांतरित झाली आहे का, टाकी किती लिटरची आहे, आणि येत्या पाळीला शेवटच्या घरी बादली किती वेळात भरली. पुढचा अर्ज आपण मिळून लिहू.